बाबांना एमएनडी, मेंदूचा एमआरआय 'नॉर्मल', मग स्वभाव का बदलला?

महालकर | १० मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बाबा ६३ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आधी उजव्या हाताची पकड गेली, शर्टाचं बटण लागेना. मग बोलणं जड झालं. मानेचा आणि मेंदूचा एमआरआय, नसा-स्नायूंची ईएमजी-एनसीव्ही, रक्ताच्या नाना तपासण्या होऊन शेवटी एएलएस, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीजच (एमएनडी) आहे हे पक्कं झालं. त्यावरचं रिल्युझोल हे औषध सुरू आहे.

हातापायांचं आम्ही मनाशी मांडून ठेवलं होतं. पण अलीकडे बाबाच वेगळे वाटून राहिले आहेत. आईवर कधी आवाज न चढवलेला माणूस आता ताट सरकवून देतो. नात तापाने फणफणली होती, शेजारच्या खोलीतून उठून विचारलंसुद्धा नाही. मागच्या आळीतल्या काकांच्या तेरवीला गेलो तर तिथे यांना हसू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना. लोक बघून राहिले होते.

आत्या म्हणते, लहानपणी खाल्लेल्या लाखोळीच्या डाळीचे हे भोग. मावसभावाने मोबाइलवर मजकूर पाठवलाय की एमएनडी म्हणजे मेंदूची सूज आणि ती स्टेरॉइडने उतरते. रिपोर्टात तर मेंदू नॉर्मल लिहिलाय. ओपीडीत इतकी गर्दी असते की हातापायाचं विचारेपर्यंतच नंबर संपतो, स्वभावाचं विचारायला तोंड उघडत नाही. इथे कोणाला माहिती असेल तर सांगा. मेंदूत खरंच दाह असतो का? असतो तर रिपोर्टात का नाही? आणि बाबांचं हे वागणं त्यातलंच का?

तर्रीवाला | १० मे, रात्री १०:२०

भाऊ, वाचून जिवाला लागलं. आजाराचं मले काही समजत नाही, पण मोबाइलवरच्या सांगण्यावरून स्टेरॉइड देऊ नका बाप्पा. आमच्या सासऱ्यांना गुडघ्यासाठी कोणीतरी दिलं होतं, तं साखर आभाळाला टेकली.

निवृत्त मास्तरीण | ११ मे, सकाळी ७:०५

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. रुग्ण तपासत नाही, त्यामुळे बाबांच्या औषधांविषयी बोलणार नाही. आत काय चालतं तेवढं सांगते.

हा आजार स्नायूंचा नव्हे, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींचा. एक फळी मेंदूच्या कवचात असते, दुसरी मज्जारज्जूत आणि मेंदूच्या देठात. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६९ साली याचं वर्णन केलं तेव्हा दोन्ही फळ्या एकाच वेळी ढासळतात हेच त्याचं वैशिष्ट्य म्हणून नोंदवलं. बहुतेक रुग्णांत, म्हणजे जवळजवळ ९७ टक्क्यांत, आजारी पेशींमध्ये टीडीपी-४३ नावाचं प्रथिन चुकीच्या जागी सापडतं. त्याचं काम पेशीच्या केंद्रकात असतं. इथे ते बाहेर येऊन त्याचे गोळे होतात. हे २००६ मध्ये कळलं.

आता दाह. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. स्पेनच्या रिओ-होर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या. एरवी त्या आजूबाजूला नजर ठेवून मेलेला कचरा उचलतात आणि दुखावलेल्या पेशीला सावरतात. एएलएसमध्ये त्या आधी तेच करतात, पण आजार मुरला की त्यांचा नूर पालटतो. गल्लीत भांडण सोडवायला आलेली मंडळी पुढे स्वतःच हाणामारीत उतरावीत, तसं होतं. त्या पेशी आणि त्यांच्या जोडीच्या ॲस्ट्रोसाइट पेशी असे पदार्थ सोडायला लागतात की शेजारची धडधाकट चेतापेशीही घायाळ होते.

हे नुसतं तर्काने म्हटलेलं नाही. एएलएस घडवणाऱ्या सदोष एसओडी१ जनुकाच्या उंदरांवर २००६ मध्ये एक सुंदर प्रयोग झाला. दोषी जनुक चालक चेतापेशींतून काढलं तर आजार उशिरा सुरू झाला. तेच फक्त मायक्रोग्लियासारख्या पेशींतून कमी केलं तेव्हा आजार ठरल्या वेळीच आला, पण पुढची चाल बरीच मंदावली. म्हणजे काडी चेतापेशीच्या आत पडते आणि आजार किती झपाट्याने पसरणार ते बऱ्याच अंशी शेजारी ठरवतात. माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. एवढी धरून ठेवली की पुढचं सगळं उलगडतं.

रिपोर्ट नॉर्मल का? कारण नेहमीच्या एमआरआयमध्ये गाठ, रक्तस्राव, पाणी साचून आलेली सूज, मानेत दबलेला मज्जारज्जू असल्या गोष्टी दिसतात. या आजारात तो मुख्यतः दुसरं काही नाही ना, हे बघायलाच काढतात. पेशींचा पालटलेला नूर त्यात उमटत नाही. त्यासाठी वेगळं पेट स्कॅन लागतं, तेही संशोधनापुरतं. लंडनमध्ये २००४ साली १० रुग्णांचं असं स्कॅन केलं होतं. चिथावलेले मायक्रोग्लिया हालचालीच्या पट्ट्यात सापडले हे अपेक्षित होतं. पण ते कपाळामागच्या भागातही सापडले. नियोजन, संयम, समोरच्याचं मन ओळखणं ही त्या भागाची कामं.

बाबांच्या वागण्याकडे वळते, पण शाळेत निघालेल्या नातवाचा डबा भरायचाय. दुपारी लिहिते.

संशयात्मा | ११ मे, सकाळी ९:३०

छान समजावलंत बाई. पण मग सरळ आहे की. दाह आहे तर दाह उतरवायचं औषध द्या. इतकी वर्षं हे संशोधक करून काय राहिले?

गोंदियाकर | ११ मे, सकाळी ११:१५

लाखोळीबद्दल मी बोलतो, आमच्या भागातला विषय आहे. धानाच्या बांधीत, कापणीच्या आधीच ओलीवर लाखोळी फेकतात. पाणी नको, खत नको. दुष्काळात दुसरं काही पिकलं नाही तरी ही येते, आणि तिथेच घात व्हायचा. गरिबाच्या घरी मग महिनोन् महिने तीच खायची. तिच्यातल्या ओडीएपी नावाच्या द्रव्याने पाय ताठरायचे, माणूस चवड्यावर काठी टेकत चालायचा. लॅथिरिझम म्हणतात त्याला. म्हणून १९६१ साली विक्रीवर बंदी आली. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं, उपोषणं केली. पुढे महाराष्ट्राने ती उठवली.

पण महालकर, तो आजार आणि हा आजार वेगळा. लॅथिरिझम पायांचा. येतो, पाय आखडतात आणि तिथेच थांबतो. हाताची पकड जाणं, स्नायू झिजणं, जीभ जड होणं त्यात नाही. आणि साठ वर्षांपूर्वीचं वरण आज उठून बसत नाही. आत्याबाईंना सांगा, आमच्याकडे भजी, वडे अजून लाखोळीचेच होतात. भिजवून, उकळून वरचं पाणी फेकून द्यायचं, बस.

निवृत्त मास्तरीण | ११ मे, दुपारी ३:४०

गोंदियाकर, बरोबर. त्यात एक जोड देते. ओडीएपी हे ग्लुटामेट या मेंदूतल्या संदेशवाहकाची नक्कल करून वरच्या फळीतल्या चेतापेशींना अति उत्तेजित करतं. एएलएसमध्येही ग्लुटामेटचा अतिरेक हा नुकसानीचा एक धागा आहे, आणि रिल्युझोल त्यालाच आवर घालतं. आजार दोन, पण आत्याबाई अगदीच वाट सोडून बोलल्या नाहीत.

संशयात्मा, तुमचा प्रश्न रास्त आहे. करून पाहिलंय. सेलेकॉक्सिब हे दाहशामक ३०० रुग्णांच्या चाचणीत देऊन पाहिलं, २००६ मध्ये निकाल आला, फायदा शून्य. मिनोसायक्लिनची गोष्ट त्याहून वाईट. उंदरांत त्याने मायक्रोग्लियाला शांत केलं म्हणून सगळे हरखले होते. अमेरिकेत ४१२ रुग्णांवर चाचणी झाली, २००७ मध्ये निकाल आला, आणि औषध घेणाऱ्यांची घसरण न घेणाऱ्यांपेक्षा २५ टक्के जास्त वेगाने झाली. म्हणून मावसभावाचा मजकूर धोक्याचा. या पेशी सरसकट शत्रू नाहीत. सगळ्यांनाच झोपवलं तर कचरा उचलणारेही झोपतात. स्टेरॉइडचा या आजारात फायदा सिद्ध झालेला नाही, उलट दीर्घकाळ घेतलं तर ते स्वतःच स्नायू झिजवतं. आधीच झिजणाऱ्या माणसाला ते कशाला?

सध्याचा विचार वेगळा आहे. शरीरात टी-रेग नावाच्या पेशी असतात, प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या. ज्यांच्यात त्या कमी, त्यांचा आजार झपाट्याने पुढे जातो असं दिसलंय. मग लगामच मजबूत करावा म्हणून ब्रिटन आणि फ्रान्समधल्या २२० रुग्णांच्या चाचणीत रिल्युझोलसोबत इंटरल्यूकिन-२ हे टी-रेग वाढवणारं औषध अगदी थोड्या मात्रेत देऊन पाहिलं. निकाल २०२५ मध्ये आला. साध्या तुलनेत फरक ठोस ठरला नाही. पण ज्यांच्या पाठीच्या पाण्यात चेतातंतू तुटल्याची खूण कमी होती, त्यांच्यात फायदा दिसला. हे औषध अजून दुकानातून आणण्याजोगं नाही, फक्त वारं कुठून वाहतंय ते सांगितलं.

आशावादी | ११ मे, संध्या. ६:००

स्टेम सेल (मूळपेशींचे उपचार) करून पाहा. दाह पण कमी होतो आणि नवीन पेशी पण तयार होतात. पत्ता हवा असेल तर खासगी संदेश करा.

संशयात्मा | ११ मे, संध्या. ६:२५

पत्ता इथेच द्या ना, सगळ्यांसमोर. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलंय, रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हे फक्त मान्यताप्राप्त चाचणीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. ओळखीतल्या एकाने यापायी वाडीचा प्लॉट विकला. आजार आपल्या गतीने गेला, प्लॉट त्याच्या आधी.

वैदर्भी | ११ मे, रात्री ९:१०

माझ्या सासूबाईंना हाच आजार होता, सुरुवात जिभेपासून झालेली. महालकर, त्या तेरवीच्या हसण्याबद्दल आधी सांगते. ते बाबांना गंमत वाटली म्हणून नव्हतं. सासूबाई जाहिरात बघून हुंदके द्यायच्या आणि मी पाणी घेऊन गेले की हाताने खुणावायच्या, 'दुःख नाही, आपोआप येतं'. आतल्या भावनेचा आणि चेहऱ्याचा मेळ तुटतो. डॉक्टरांना नुसतं सांगा, 'कारण नसताना हसू-रडू येतं आणि आवरत नाही'. त्यांना लगेच कळतं. सासूबाईंना रात्रीची ॲमिट्रिप्टिलिनची बारीक गोळी दिली होती. रडणंही निवळलं आणि तोंडातली लाळही कमी झाली.

दुसरं, आपल्या नागपूरच्या मे महिन्याचं. कूलरच्या आवाजात त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं नाही, आम्ही 'हं हं' करायचो आणि त्या चिडायच्या. आम्हाला वाटायचं स्वभाव बिघडला. मग बोलताना कूलर बंद करायचा असा नियम केला, पाटी-खडू ठेवली, नंतर अक्षरांचा तक्ता. डोळ्यांची हालचाल शेवटपर्यंत शाबूत राहते म्हणून तक्त्यावर नजरेने दाखवता येतं. निम्मी चिडचिड तिथेच गेली. निम्मीच गेली, ते वेगळं.

महालकर | ११ मे, रात्री ११:३०

वैदर्भी ताई, आभार. हसण्याचं आईला वाचून दाखवलं. पण ताट सरकवणं, नातीला न विचारणं? त्याचं काय? बाबा दुःखी दिसत नाहीत. त्यांना फरकच पडत नाही असं दिसतं, आणि आईला तेच खातंय.

निवृत्त मास्तरीण | १२ मे, सकाळी ६:५०

हेच काल राहिलं होतं. एएलएसमध्ये बुद्धी शाबूत राहते असं आम्हीसुद्धा वर्गात शिकवायचो, पुस्तकात तसंच होतं. आता तसं कोणी म्हणत नाही. साधारण निम्म्या रुग्णांत विचार करण्यात किंवा वागण्यात काही ना काही बदल होतो. बहुतेकांत सौम्य. १० ते १५ टक्क्यांत तो इतका असतो की त्याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात. तोच टीडीपी-४३, तेच गोळे, जागा वेगळी. सी९ओआरएफ७२ या जनुकातला दोष २०११ मध्ये सापडला, त्याने तर एकाच घरात एकाला एएलएस आणि दुसऱ्याला हा डिमेन्शिया होऊ शकतो.

यात स्मरणशक्ती आधी जात नाही. म्हणून घरचे म्हणतात, 'डोकं तर चांगलं चालतं, पेन्शनची तारीख पाठ आहे'. जाते ती उमेद, आणि दुसऱ्याच्या जिवाची कळकळ. सगळ्यात जास्त आढळणारा बदल उदासीनता हाच. नैराश्यात माणसाला वाईट वाटत असतं. इथे वाटणंच मंदावतं. तुमचं निरीक्षण, की बाबा दुःखी दिसत नाहीत, ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. हट्टीपणा, एकच गोष्ट धरून बसणं, गोडाचा अचानक ओढा, खरेदीत किंवा पैशांत अविचार हेही येतं. ईसीएएस नावाची चाचणी खास याच आजारासाठी केली आहे. तीत लिहिण्या-बोलण्याचा संथपणा हिशेबात धरतात आणि घरच्यांना वागण्याबद्दल वेगळे प्रश्न विचारतात. बँकेचं, मृत्युपत्राचं, पुढे श्वासाचं मशीन आणि अन्नासाठी पोटातून नळी लावायची की नाही याचं बोलणं त्यांच्याशी आत्ताच करा. निर्णय त्यांचाच असू द्या.

फिजिओताई, अजनी | १२ मे, दुपारी १:३०

मास्तरीणबाईंचं सगळं मान्य, पण महालकर, सगळं मेंदूच्या खात्यावर टाकण्याआधी एक पाहा. बाबा सकाळी उठल्यावर डोकं दुखतं म्हणतात का? रात्री वारंवार जाग, आडवं झालं की दम, दिवसा पेंग, सकाळी सगळ्यात जास्त चिडचिड? छातीचा पडदा दुबळा झाला की रात्री श्वास उथळ होतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. त्यानेही माणूस चिडका, सुस्त, गोंधळलेला होतो. हा भाग सुधारता येतो. बसून आणि आडवं पडून अशी दोन्ही वेळची श्वासाची चाचणी सांगा, गरज वाटली तर डॉक्टर धमनीतल्या रक्तातले वायू तपासतील. बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन, वेळेवर लागलं तर झोप सुधारते आणि आयुष्यही वाढतं. जिभेला-गिळण्याला फार त्रास नसलेल्यांत हा फायदा रिल्युझोलपेक्षा मोठा दिसलाय.

आणि कृपा करून कोणाच्या सांगण्यावरून घरी नुसता ऑक्सिजनचा सिलिंडर लावू नका. साचलेला कार्बन डायऑक्साइड त्याने आणखी वाढू शकतो.

हुडकेश्वर रोड | १२ मे, दुपारी ४:१०

धागा वाचून घाबरलो. भाचा २० वर्षांचा, एकाच हाताचा पंजा बारीक होऊन राहिला आहे. हेच का?

फिजिओताई, अजनी | १२ मे, दुपारी ४:४५

न्यूरोलॉजिस्टना लवकर दाखवा, पण लगेच हेच धरून बसू नका. तरुण मुलांत एका हाताचा पंजा झिजतो असा हिरायामा नावाचा आजार आहे, आपल्याकडे बराच दिसतो. मान पुढे वाकली की मज्जारज्जूवर दाब येतो. तो सहसा काही वर्षांत थांबतो, मानेचा पट्टा लावतात. एमआरआय मान वाकवूनही काढायला लागतो, साध्यात सुटू शकतो, म्हणून ते डॉक्टरांना आठवणीने विचारा.

तर्रीवाला | १२ मे, रात्री ८:००

महालकर भाऊ, बाबांना खायला काय देऊन राहिले? पोहे तं गिळत नसतील.

महालकर | १२ मे, रात्री ९:१५

पोहे, चिवडा कधीचे बंद. गंमत अशी की साध्या पाण्याने ठसका लागतो आणि घट्ट अंबील आरामात जाते. हनुवटी छातीकडे घेऊन गिळायला शिकवलंय. वजन उतरू नये म्हणून आई सगळ्यात तूप घालते, डॉक्टरांनीही हो म्हटलं.

फिजिओताई, सकाळी डोकं दुखतं. रोज. आम्ही उन्हाचं समजत होतो. आणि सगळी आदळआपट चहाच्या आधीच होते. उद्याच श्वासाच्या चाचणीची वेळ घेतो. ओपीडीत बोलता येत नाही म्हणून एका कागदावर लिहून नेतो: कारण नसताना हसू, दुःखी नसून उदासीन, सकाळची डोकेदुखी, आडवं झाल्यावरचा दम. आत्याला लाखोळीचं सांगितलं तर म्हणाली, 'मग भजी करू का?'

एक शेवटचं विचारतो. बायपॅप लागलं तर लाइट गेल्यावर काय? आमच्याकडे साधा इन्व्हर्टर आहे.

वैदर्भी | १२ मे, रात्री ९:४०

प्युअर साइन वेव्हचाच घ्या. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर काही मशिनी कुरकुरतात. मशीन घेतानाच विकणाऱ्याला बॅटरीचं विचारा आणि घरी एकदा मेन स्विच पाडून सगळं चालून पाहा. लाइट नसताना मशीनचा पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर बंद ठेवायचा, सगळ्यात जास्त वीज तोच खातो. आणि कूलर त्याच इन्व्हर्टरवर जोडू नका, बॅटरी बघता बघता बसते.